फोमचें विमान: बांधणी व उड्डाण

खेळ या शब्दाला आपल्याकडे थोडासा कमीपणा चिकटलेला आहे. ‘खेळण्यांत वेळ घालवूं नको’ हें वाक्य ज्याच्या कानीं पडलें नाहीं असा विद्यार्थी विरळा. परंतु कांहीं खेळ असे आहेत कीं, त्यांत सृष्टीचे नियमच परीक्षक होऊन बसतात, आणि हा परीक्षक कोणाचाहि मुलाहिजा राखीत नाहीं. फोमच्या पत्र्यांचें लहानसें विमान स्वतः बांधावयाचें व रेडिओच्या साहाय्यानें जमिनीवरून चालवावयाचें, हा त्यांपैकीं एक खेळ होय.

या खेळांत आरंभीं शिकण्यासारखें तत्त्व एकच आहे, व तें समजलें म्हणजे बाकीच्या गोष्टी त्याच्या मागोमाग येतात. तें असें: विमान हलकें असावें. हलकें विमान सावकाश उडूं शकतें; सावकाश उडणारें विमान शिकाऊ हाताला सांवरण्यास अवसर देतें; आणि तें पडलें तरी फारसें मोडत नाहीं. उलट जड विमान वेगानें उडतें, वेगानें पडतें आणि एका क्षणांत सर्व संपवितें. तें कसें, हें क्रमाक्रमानें पाहूं.

एक खेळणें व दोन भाऊ

१८७८ सालीं अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत सीडर रॅपिड्स या गांवीं मिल्टन राइट नांवाचे एक बिशप राहत असत. प्रवासाहून परततांना त्यांनीं विल्बर व ऑर्व्हिल या आपल्या दोन मुलांसाठीं एक खेळणें आणलें. विल्बर तेव्हां अकरा वर्षांचा व ऑर्व्हिल सात वर्षांचा होता. बूच, बांबूच्या काड्या व कागद यांचें तें बनविलेलें होतें आणि पिळलेल्या रबराच्या जोरावर छतापर्यंत उडत असे. त्याची मूळ कल्पना फ्रान्समधील आल्फोन्स पेनो याची. याच पेनोनें १८७१ सालीं पॅरिसमधील एका उद्यानांत रबराच्या बळावर उडणारें छोटें विमान सर्वांसमक्ष अकरा सेकंद उडवून दाखविलें होतें.

बिशपसाहेबांचें खेळणें नाजूक होतें. तें लवकरच मोडलें. मग मुलांनीं तसेंच दुसरें केलें, आणि नंतर त्याहून मोठीं केलीं. परंतु आश्चर्य असें कीं, जों जों आकार वाढवावा तों तों खेळणें कमी उडे! पुढें १९०८ सालीं या बंधूंनीं लिहिलेल्या लेखांत याचा उलगडा सांपडतो. मापें दुप्पट केलीं तर यंत्रास शक्ति आठपट लागते, हें त्यांस लहानपणीं ठाऊक नव्हतें.

याचें गणित शाळेंतील मुलांस सहज करतां येईल. लांबी, रुंदी व जाडी हीं तिन्ही दुप्पट केलीं म्हणजे पंखाचें क्षेत्रफळ चौपट होतें, पण घनफळ, व त्याबरोबर वजन, आठपट होतें. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर पूर्वीच्या दुप्पट भार येतो. वजन हा उड्डाणाचा पहिला शत्रु आहे, हा धडा त्या दोघां मुलांनीं मोडक्या खेळण्यावरून घेतला. मोठेपणीं १९०१ सालीं त्यांनीं वाऱ्याचा बोगदा बनवून सुमारें दोनशें आकारांचे छोटे पंख तपासले, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें विमान मनुष्यास घेऊन बारा सेकंद उडालें.

दूरवरून चालविलेलें विमान

तारेवांचून यंत्र चालविण्याचा प्रयोग निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें एका लहान नौकेवर करून दाखविला. विमानावर तो साधण्यास बराच काळ लागला. अमेरिकेंतील कॅलमझू येथील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं १९३७ सालीं ‘गफ’ नांवाचें आपलें विमान रेडिओनें उडविलें. तें आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत जपून ठेवलेलें आहे. त्याचे पंख या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सुमारें आठ फूट होते. इतकें मोठें विमान बांधण्याचें कारण उघड आहे. त्या काळचीं रेडिओ-यंत्रें कांचेच्या नळ्यांचीं असत व त्यांस लागणाऱ्या बॅटऱ्या जड असत. तें ओझें पेलण्यास पंखहि तेवढेच मोठे हवे होते.

आज संदेश घेणारें यंत्र, म्हणजे रिसीव्हर, अवघ्या दहा ग्रॅमच्या आंतबाहेर भरतो. ओझें उतरलें म्हणून विमान लहान झालें. आणि विमान लहान झालें म्हणून तें लाकडाऐवजीं फोमचें करतां येऊं लागलें.

फोम म्हणजे काय?

आपल्या ओळखीचा फोम म्हणजे थर्माकोल. पॉलिस्टिरीन नांवाच्या प्लॅस्टिकचे बारीक दाणे वाफेनें फुगवून व एकमेकांस चिकटवून तो तयार करितात. ही कृति १९५० च्या सुमारास जर्मनींत निघाली. थर्माकोलच्या ठोकळ्यांत सुमारें अठ्ठ्याण्णव टक्के भाग हवेचाच असतो. एक लिटर मापाचा सागवानी ठोकळा साडेसहाशें ग्रॅमच्या आसपास भरतो, विमानांकरितां वापरलें जाणारें बाल्सा नांवाचें हलकें लाकूड दीडशें ग्रॅमच्या आसपास, तर पेटाऱ्यांतील थर्माकोल अवघा पंधरा ते वीस ग्रॅम.

विमानासाठीं मात्र दाणेदार थर्माकोलापेक्षां पाटासारखा गुळगुळीत, न भुगा होणारा पांच मिलिमीटर जाडीचा फोमचा पत्रा चांगला. त्याचें वजन लिटरास सुमारें चाळीस ग्रॅम असतें. येथें एक धोका सांगून ठेवला पाहिजे. शाळेच्या प्रदर्शनांतील तक्ते ज्यावर चिकटवितात तो सनबोर्डहि दिसावयास असाच पांढरा व गुळगुळीत असतो. परंतु तो निराळ्या प्लॅस्टिकचा असून लिटरास सुमारें पांचशें ग्रॅम भरतो. नव्वद सेंटिमीटर लांब व वीस सेंटिमीटर रुंद पंख एकेरी फोमचा केला तर छत्तीस ग्रॅम होतो. तोच सनबोर्डाचा केला तर साडेचारशें! विमानाचें सर्व वजनच चारशें ग्रॅमच्या आंत ठेवावयाचें आहे, हें लक्षांत घेतां सनबोर्डाचें विमान कां उडत नाहीं तें निराळें सांगावयास नको.

वजनाचा हिशेब

दुकानांत जाण्यापूर्वीं वहींत हिशेब मांडावा. फोमचा सांगाडा सुमारें ११५ ग्रॅम, गोंद, चिकटपट्टी व बांबूच्या काड्या ३०, विजेची मोटर ५०, तिचा वेग कमीअधिक करणारें यंत्र २५, बॅटरी ११५, सुकाणूं हलविणाऱ्या दोन सर्व्हो मोटरी १८, रिसीव्हर १०, पंखा म्हणजे प्रोपेलर १०, तारा व इतर किरकोळ २०. एकूण ३९३ ग्रॅम.

एवढ्या वजनाचें विमान वर सांगितलेल्या पंखावर सेकंदास सुमारें सहा मीटर, म्हणजे ताशीं बावीस किलोमीटर वेगानें जेमतेम तरंगूं शकतें. हा चांगल्या सायकलस्वाराचा वेग झाला. आतां हेंच विमान निष्काळजीपणानें दुप्पट जड झालें असें समजा. तरंगण्यास लागणारा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत वाढतो, म्हणून तो ताशीं एकतीस किलोमीटर होईल. आणि आपटतांना? वजन दुप्पट, वेगाचा वर्गहि दुप्पट. म्हणजे आघाताची शक्ति चौपट. हलकें विमान गवतावर पडून खरचटतें. जड विमान त्याच गवतावर फुटतें. आरंभीं सांगितलेल्या तत्त्वाचा हाच पुरावा.

बांधणी

पंख नव्वद सेंटिमीटर लांब, वीस सेंटिमीटर रुंद. त्याच्या पुढच्या अर्ध्या भागावर, म्हणजे दहा सेंटिमीटरांपर्यंत, वरच्या बाजूस फोमचा दुसरा थर चिकटवावा. अशा पायरीदार पंखाचें पेटंट क्लाइन व फोगलमन या दोन अमेरिकन गृहस्थांस १९७२ सालीं मिळालें. त्याचा उगम क्लाइन यांच्या कागदी विमानांत होता. मोठ्या विमानांस ही पायरी फायद्याची ठरली नाहीं, परंतु सपाट पत्र्याच्या छोट्या विमानांत तिनें बूड धरलें. कारण दोन थरांनीं पंख ताठ होतो, बांधण्यास अतिशय सोपा पडतो, आणि वेग कमी झाला तरी एकाएकीं दगा देत नाहीं. पंखाच्या पोटाशीं बांबूची काडी किंवा कार्बनची बारीक नळी आडवी बसवावी. मधोमध पंख किंचित् दुमडून दोन्ही टोंकें सुमारें पांच सेंटिमीटर वर उचलावीं. या उचलीमुळें विमान एका बाजूस कललें तर आपोआप सांवरतें.

शेपटीचा आडवा पंख चाळीस बाय दहा सेंटिमीटर, म्हणजे मुख्य पंखाच्या पंचमांशाहून किंचित् मोठा असावा. उभा पंख मुख्य पंखाच्या दशांशाएवढा पुरे. आडव्या पंखाच्या मागील कडेस विमानास वरखालीं नेणारी फळी, व उभ्याच्या मागील कडेस सुकाणूं, हीं चिकटपट्टीच्या बिजागरीनें जोडावीं. धड म्हणजे फोमची चौकोनी नळी. लांबी सुमारें पाऊण मीटर. मुख्य पंख व शेपूट यांमधील अंतर पंखाच्या रुंदीच्या अडीचपट असलें म्हणजे विमान शांतपणें उडतें.

गोंदाविषयीं सावध राहावें. झटकन् चिकटणारा साधा ‘क्विक’ जातीचा गोंद व रबराचा वास येणारा पिवळा गोंद हे दोन्ही थर्माकोलास अक्षरशः खाऊन टाकितात. पांढरा फेव्हिकॉल चालतो, पण वाळण्यास रात्र घेतो. गरम गोंदाची बंदूक फार तापूं न देतां, थोड्या गोंदानें वापरावी. गोंदहि वजनच आहे.

समतोल

विमान सुंदर झालें, पण तें कोठें तोललें जातें? पंखाच्या पुढच्या कडेपासून पांच ते सहा सेंटिमीटरांवर दोन्ही बाजूंस एकेक बोट ठेवून विमान उचलावें. तें आडवें, किंचित् नाक खालीं घालून स्थिर राहिलें पाहिजे. शेपटी खालीं गेली तर बॅटरी पुढें सरकवावी. शिशाचा तुकडा लावण्याचा मोह टाळावा. जें ओझें न्यावयाचेंच आहे त्याचीच जागा बदलून तोल साधणें, यांत खरें कौशल्य आहे. शेपटीकडे जड असलेलें विमान हाताबाहेर जातें. नाकाकडे थोडें जड असलेलें आळशी असतें, पण आज्ञाधारक असतें.

यानंतर मोटर बंद ठेवून, गवतावर, वाऱ्याच्या समोर, विमान सरळ भाल्यासारखें हळूंच सोडावें. तें लांब व सपाट उतरत गेलें तर ठीक. नाक वर करून थबकलें व मग कोसळलें तर तें मागें जड. थेट खालीं शिरलें तर पुढें जड. अशा दहा फेंकी केल्यावांचून मोटर लावूं नये.

रेडिओची आज्ञा

हातांतील प्रेषक यंत्राची दांडी हलविली म्हणजे विमानाचें सुकाणूं तेवढेंच कसें वळतें? रिसीव्हराकडून सर्व्होस दर सेकंदाला सुमारें पन्नास वेळां विजेचा एक ठोका मिळतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर सर्व्होची भुजा मध्यावर राहते. एक मिलिसेकंदाचा झाला तर एका टोंकास जाते, दोनाचा झाला तर दुसऱ्या टोंकास. भुजा कोठें आहे हें सर्व्होच्या पोटांतील एक छोटा रोधक सतत सांगत असतो. आज्ञा व स्थिति यांत फरक दिसला कीं, तो नाहींसा होईपर्यंत मोटर फिरते.

पूर्वीं प्रत्येक विमानास ठराविक लहरींचा स्फटिक असे, आणि एकाच लहरीवर दोघांनीं यंत्रें चालू केलीं कीं एकाचें विमान कोसळे. आतां २.४ गिगाहर्ट्झच्या यंत्रांत प्रेषक व रिसीव्हर यांची आधींच जोडी जुळविलेली असते, म्हणून अनेक मुलें एकाच मैदानावर उडवूं शकतात. या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते. रिसीव्हराची तीन सेंटिमीटरांची उघडी तार म्हणजे तिचा चतुर्थांश. ती तार कापूं वा दुमडूं नये.

उड्डाण

दख्खनच्या पठारावर वारा बहुधा सकाळीं शांत असतो. नवख्यानें तीच वेळ धरावी. प्रथम प्रेषक यंत्र सुरू करावें, मग विमानाची बॅटरी जोडावी. उतरल्यावर याच्या उलट क्रम. प्रत्येक उड्डाणापूर्वीं दोन्ही सुकाणूं योग्य दिशेस वळतात कीं नाहीं तें डोळ्यांनीं पाहावें. विमान नेहमीं वाऱ्याच्या समोर सोडावें. प्रथम उंची गांठावी, कारण उंची म्हणजे चूक दुरुस्त करण्यास मिळालेला वेळ.

नवख्यास सर्वांत फसविणारा क्षण विमान समोरून आपल्याकडे येऊं लागतें तेव्हांचा. त्या वेळीं उजवेंडावें उलटें भासतें. उपाय सोपा आहे: जो पंख खालीं गेलेला दिसेल त्या बाजूस दांडी न्यावी, जणूं त्या पंखास आधारच देत आहों, विमान सरळ होतें. आणि वेग मंदावून विमान झोंक खाऊं लागलें तर नाक वर ओढूं नये. नाक थोडें खालीं जाऊं द्यावें, वेग आला कीं हलकेंच सरळ करावें. घाबरून दांडी मागें खेंचण्यानें जितकीं विमानें मोडतात तितकीं वाऱ्यानें मोडत नाहींत. संगणकावर या उड्डाणाचा सराव देणारे कार्यक्रम मिळतात. चार दिवस त्यांवर हात बसविला तर बराच फोम वांचतो.

सावधगिरी

विमान लहान असलें तरी त्याचा पंखा बोट कापूं शकतो. बॅटरी जोडली कीं पंखा फिरतच आहे असें समजून वागावें, व घरांत बांधणी करतांना तो काढूनच ठेवावा. लिथियमची बॅटरी भोंसकली, वांकविली किंवा प्रमाणाबाहेर भारित केली तर पेट घेते. ती तिच्याच चार्जरवर, फरशीवर किंवा मातीच्या भांड्यांत, मोठ्या माणसाच्या देखत भारावी, आणि फुगलेली दिसली तर पुन्हां वापरूं नये. तापलेल्या तारेनें फोम कापतांना खिडक्या उघड्या ठेवाव्या. माणसांच्या डोक्यांवरून, विजेच्या तारांजवळ, किंवा संक्रांतीच्या दिवसांत पतंगांच्या गर्दींत विमान नेऊं नये. भारत सरकारनें २०२१ सालीं केलेल्या ड्रोन नियमांत आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे विभाग पाडले आहेत. विमानतळाच्या किंवा लष्करी ठाण्याच्या आसपास मुळींच उडवूं नये, व आपलें मैदान कोणत्या विभागांत येतें तें सरकारी नकाशावर आधीं पाहून घ्यावें.

आणखी एक कर्तव्य आहे. फोम मातींत कुजत नाहीं. थर्माकोलच्या ताटवाट्या व सजावटीचें सामान यांवर महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं बंदी घातली ती याच कारणानें. तेव्हां मैदानावर पडलेला प्रत्येक तुकडा वेंचून परत आणणें, हा उड्डाणाचाच एक भाग समजावा.

पालकांस विनंती

शेवटीं दोन शब्द पालकांसाठीं. मुलाचा आग्रह पाहून तयार विमान पेटींतून काढून देणें सोपें असतें. परंतु तें पहिल्याच दिवशीं आपटलें कीं मुलाजवळ दुःखावांचून कांहीं उरत नाहीं. तें कां पडलें हें त्यास कळत नाहीं, कारण तें कसें बनलें हेंच त्यास ठाऊक नसतें. स्वतः बांधलेल्या विमानाची गोष्ट निराळी. खर्चाचा मोठा भाग मोटर, बॅटरी व रेडिओ यांचा. तीं यंत्रें सांगाडा मोडला तरी बहुधा धड राहतात व दुसऱ्या सांगाड्यांत बसवितां येतात. प्रेषक यंत्र तर चारपांच मुलांत मिळून एक पुरतें. देह पालटतो, इंद्रियें तींच राहतात. फोमचा नवा सांगाडा एका रविवारीं उभा राहतो.

म्हणून पहिलें विमान मोडेल या भीतीनें तें कपाटावर ठेवूं नका, आणि तें मोडल्यावर मुलास रागावूंहि नका. त्याऐवजीं एक वही द्या. तींत प्रत्येक उड्डाणाची तारीख, वारा, वजन, तोलाचें स्थान, विमान कसें पडलें व काय बदललें, एवढें त्यानें किंवा तिनें लिहावें. वजन वाढलें होतें काय? तोल मागें गेला होता काय? कीं हातच घाबरला? या तीन प्रश्नांचीं उत्तरें प्रामाणिकपणें लिहिणारा विद्यार्थी पुढें विमानें बांधो अगर न बांधो, त्याला अपयशाकडे शांतपणें पाहतां येऊं लागतें. हवा कोणावर रागावत नाहीं व कोणाची भीडहि धरीत नाहीं. विचारलेल्या प्रश्नाचें खरें उत्तर देते, आणि पुन्हां विचारण्याची मोकळीक देते. मुलांच्या चुकांशीं आपणहि तितक्याच सरळपणें वागलों, तर या स्वस्त फोमाच्या पत्र्यांतून जें शिक्षण मिळेल तें मोठ्या किंमतीच्या खेळण्यांतून मिळणार नाहीं.